पार्श्वभूमी : रिची पोर्ट, फोर्लीची दोन मिनिटं आणि न मिटलेला वाद

रविवारी तुळजापूरचा घाट चढून आलेली सोलापूरची सायकलवाली मंडळी चहाला टेकली की विषय कुठूनही निघो, रिची पोर्टवर यायला वेळ लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा हा सायकलपटू गडी 2022 मध्ये निवृत्त झाला, तरी त्याच्यावरून पडलेले दोन तट अजून शाबूत आहेत. एक तट म्हणतो, पडझड झाली नसती तर टूर डी फ्रान्स, म्हणजे फ्रान्सची तीन आठवड्यांची मोठी शर्यत, त्याच्या खिशात होती. दुसऱ्याच्या मते तो एका आठवड्याच्या शर्यतींचा राजा. तीन आठवडे दम टिकवणं त्याच्यात नव्हतंच, दुखापती हे निमित्त.

पडल्यामुळे हुकलेल्यांची यादी तशी जुनी आहे. 1960 मध्ये रोजे रिव्हिएर पेर्जुरे घाटाच्या उतारावर दरीत कोसळला, पाठीचा कणा मोडला आणि चोविसाव्या वर्षी कारकीर्द संपली. 1971 मध्ये लुईस ओकान्या सात मिनिटांहून जास्त आघाडीवर असताना वादळी पावसात मांते घाटात आपटला. दोन वर्षांनी त्यानं टूर जिंकली, म्हणून त्याच्याबद्दल हळहळ कमी. 2003 मध्ये खोसेबा बेलोकी गापच्या वाटेवर, उन्हानं वितळलेल्या डांबरावर घसरला. मांडीचं हाड, कोपर आणि मनगट मोडलं. सोलापुरात ही नावं क्वचितच निघतात. इथं सायकल म्हणजे बराच काळ गिरणीच्या भोंग्याला निघणाऱ्या कामगाराची काळी सायकल होती. शर्यतींचं वेड नंतरचं, त्यामुळे वादातले दाखलेही नंतरचेच.

पोर्ट मुळात ट्रायथलॉनचा. मोठ्या संघात आला 2010 मध्ये आणि त्याच वर्षी जिरो डी इटालियात, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, तीन दिवस आघाडीवीराची गुलाबी जर्सी घालून सातवा आला. पुढे ज्या संघात गेला तिथे तो नेत्याचा मदतनीस. 2012, 2013 आणि 2015 या तिन्ही टूर त्याच्या संघनायकांनी जिंकल्या, त्यातले कित्येक चढ पोर्टच्या चाकामागे. वयाची 27 ते 30 ही वर्षं अशी दुसऱ्यासाठी गेली. हा मुद्दा दोन्ही तट विसरतात आणि मला तो हाडं मोडण्याइतकाच वजनदार वाटतो. 2014 मध्ये संघनायक पाचव्या टप्प्यावर बाहेर पडल्यावर संधी चालून आली होती. पोर्ट काही दिवस दुसरा होता, मग आल्प्समध्ये ढेपाळला आणि 23वा आला. तेव्हा तो पडला नव्हता, हे दुसऱ्या तटाचं आवडतं वाक्य.

आता फोर्ली. निम्मा वाद इथंच अडकतो.

19 मे 2015, जिरोचा दहावा टप्पा, चिव्हितानोव्हा मार्के ते फोर्ली, जवळजवळ सपाट. सकाळी पोर्ट एकूण क्रमवारीत तिसरा होता, आघाडीवरच्या कोंतादोरपेक्षा फक्त 22 सेकंद मागे. शेवटचे पाच-सहा किलोमीटर उरले असताना त्याचं पुढचं चाक पंक्चर झालं. संघाची गाडी मागे राहिलेली. शेजारी होता तो ऑस्ट्रेलियाचाच, पण प्रतिस्पर्धी संघाचा सायकलपटू. त्यानं खाली उतरून आपलं पुढचं चाक काढलं, स्वतःच्या हातानं पोर्टच्या फोर्कमध्ये बसवलं आणि स्वतः एका चाकाची सायकल धरून रस्त्याकडेला उभा राहिला. तरीही पोर्टची 47 सेकंदं गेली. या चाकबदलाचा फोटो लगेच जगभर फिरला, खिलाडूवृत्ती म्हणून कौतुक झालं आणि त्याच रात्री पंचांचा निर्णय आला: दोघांनाही 200 स्विस फ्रँक दंड आणि दोन मिनिटांची शिक्षा. 22 सेकंद, 47 सेकंद आणि दोन मिनिटं, म्हणजे 3 मिनिटं 9 सेकंद. पोर्ट तिसऱ्यावरून बारावा.

सोलापुरातल्या बहुतेकांना हा निर्णय पटला नाही आणि त्यामागे इथल्या रस्त्यांचा अनुभव आहे. तुळजापूर रोडला बाभळीचा काटा कुणाला कधी लागेल सांगता येत नाही. मागून येणारा ओळखीचा असो वा नसो, थांबतो, ट्यूब देतो, पंप देतो. न थांबणाऱ्याला चार दिवस बोलणी खावी लागतात. त्या नजरेनं पाहिलं तर चाक दिलं म्हणून शिक्षा हा लई अन्याय.

पण नियम कधीही धूसर नव्हता. दुसऱ्या संघाच्या स्पर्धकाला अशी मदत केली की पहिल्या वेळी दंड आणि दोन मिनिटं, असा तो होता. आकडा आधीच लिहिलेला, पंचांनी तो वाढवलाही नाही, घटवलाही नाही. नियमाचं कारणही कळण्यासारखं आहे. तीन आठवड्यांच्या शर्यतीत वीसेक संघ असतात. आज देशबंधू म्हणून चाक दिलं, तर उद्या देशबंधू म्हणून घाटाखालपर्यंत पुढे राहून त्याच्यासाठी वारा अडवेल आणि परवा त्याची किंमत ठरेल. अशी देवघेव पडद्याआड होत असणार, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पकडली गेली ती उघड्या रस्त्यावर, फोटोसकट झालेली. पोर्टला नियम माहीत नव्हता असं मानलं, तरी तो माहीत असणं हे संघाच्या गाडीत बसलेल्यांचं काम होतं. माझ्या मते निर्णय बरोबर होता, आणि कठोरही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे चहाच्या टेबलावर कुणी मान्य करत नाही.

आणि या दोन मिनिटांनी जिरो गेली हे तर बरोबरच नाही. तीन दिवसांनी जेसोलोला सामूहिक अपघात झाला. शेवटच्या तीन किलोमीटरच्या आत पडलं तर घोळक्याचाच वेळ मिळतो; पोर्ट त्या हद्दीच्या जेमतेम बाहेर होता आणि आणखी दोन मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशीच्या लांबलचक टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्यानं घड्याळाविरुद्धच्या टप्प्यात, जी त्याची ताकद, चार मिनिटांहून जास्त गमावली. त्याच्या पुढच्या दिवशी मदोन्ना दी कांपिल्योच्या चढावर जवळपास 27 मिनिटं. मग विश्रांतीच्या दिवशी माघार. पहिला तट म्हणतो, जेसोलोत लागल्यामुळे टाइम ट्रायल बिघडली. असेल. पण जेसोलोचा अपघात काही पंचांनी केला नव्हता.

पंचांनी त्याच्याकडून नुसतं घेतलेलंच नाही, त्याला दिलेलंही आहे. 14 जुलै 2016 ला टूरमध्ये माँ व्हाँतूच्या चढावर गर्दीत अडकलेल्या मोटरसायकलवर पोर्ट आदळला आणि त्याचा जुना संघनायक त्याच्यामागोमाग. पुढे तो संघनायक सायकलविना पळत सुटला, ते दृश्य सगळ्यांना पाठ आहे. त्या संध्याकाळी पंचांनी दोघांचे वेळ दुरुस्त केले. फोर्ली सांगणारे व्हाँतू सांगत नाहीत. त्या टूरमध्ये पोर्ट पाचवा आला, तोही दुसऱ्याच टप्प्यावर पंक्चरमुळे 1 मिनिट 45 सेकंद गमावून. ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या उतारावर पडून खांद्याच्या पात्याचं हाड मोडलं.

खऱ्या अर्थानं पडल्यामुळे गेलेल्या टूर दोनच, 2017 आणि 2018. दोन्ही वेळा नववा टप्पा, दोन्ही वेळा रविवार. 2017 मध्ये तो पाचव्या क्रमांकावर होता. माँ द्यु शाच्या उतारावर डावीकडच्या गवतात चाक गेलं, तो रस्ता ओलांडून उजवीकडच्या दगडी कडेवर आदळला, जाताना आणखी एकाला घेऊन. कॉलरबोन आणि कमरेचं हाड मोडलं. 2018 मध्ये रुबेच्या टप्प्यावर, ज्या दगडी रस्त्यांची सगळ्यांना धास्ती होती ते यायच्या आधीच, सुरुवातीच्या किलोमीटरमध्ये तो पडला. पुन्हा कॉलरबोन. युरोपातले टप्पे आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास संपतात. त्या रविवारी टीव्ही लावेपर्यंत तो शर्यतीबाहेर गेलेला होता.

मधल्या वर्षांत त्याच्या हमखास बातम्या जानेवारीत येत. ऑस्ट्रेलियातल्या विलुंगा चढावर 2014 ते 2019 अशी सलग सहा वर्षं तोच पहिला. इकडे सोलापुरात गड्डा यात्रेची गर्दी आणि तिकडे पोर्टचा विजय, हे गणित ठरून गेलं होतं. पॅरिस-नीस दोनदा, रोमांदी, स्विस टूर, 2021 मध्ये दोफिने. आठवडाभराच्या शर्यतींत तो खरोखर भारी होता.

2020 मध्ये पस्तिसाव्या वर्षी तो टूरमध्ये तिसरा आला. शेवटून दुसऱ्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये चौथ्यावरून तिसरा. हा निकालही दोन्ही तटांनी वाटून घेतलाय: एकाच्या लेखी तो धडधाकट राहिला की काय करतो त्याचा पुरावा, दुसऱ्याच्या लेखी त्याची खरी मर्यादा.

एप्रिल 2024 मध्ये बास्क प्रदेशातल्या शर्यतीत एकाच वळणावर टूरचे तीन मोठे दावेदार पडले आणि वाद पुन्हा तापला. त्यातल्या एकाची कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला इजा झाली, आणि तो जुलैत टूरमध्ये दुसरा आला. दुसरा तट म्हणाला, बघा, परत येणारे असे येतात. पहिल्या तटाचं उत्तर तयार होतं: पोर्टनं जुलै 2017 मध्ये कंबर मोडून घेतली आणि जून 2018 मध्ये स्विस टूर जिंकली.