हायवेचा आवाज आणि सरासरीचा घोळ

कोल्हापुरात आवाजाचा विषय निघाला की गाडी डॉल्बीवर जाते. विसर्जनाच्या रात्री मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, महाद्वार रोड इथे मीटर लागतात आणि दुसऱ्या दिवशी चौकवार डेसिबल पेपरात छापून येतात. शिरोलीच्या पुलापासून कागलपर्यंत पुणे-बंगळूर हायवेचा आवाज मात्र वर्षाच्या सगळ्या रात्री चालू असतो. त्याचे आकडे शोधायचे तर रुंदीकरणाच्या अहवालांची मागची पानं चाळावी लागतात.

डेसिबल मुळात टेलिफोनवाल्यांचा. तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो ते मोजायला १९२० च्या दशकात अमेरिकेत हे एकक निघालं. रस्त्याच्या आवाजाला कायद्याने हात घातला तो जवळपास पन्नास वर्षांनी. केंद्राच्या पैशातून होणाऱ्या महामार्गांना आवाजाचे निकष लावा, असं अमेरिकेच्या १९७० च्या कायद्याने सांगितलं. ब्रिटनने १९७५ मध्ये ठरवलं की नव्या रस्त्यामुळे घराच्या दर्शनी भिंतीशी आवाज ६८ डेसिबलपर्यंत चढला तर घराला सरकारी खर्चाने आवाजरोधक खिडक्या. हे ६८ सरासरीचे नव्हते. दहा टक्के वेळ जी पातळी ओलांडली जाते ती त्यांनी धरली, त्यामुळे ट्रक दारावरून जातो तो क्षण हिशेबात राहिला.

आपल्याकडे १९८७ मध्ये हवा प्रदूषणाच्या कायद्यात आवाजही प्रदूषक ठरला आणि २००० च्या नियमांत चार क्षेत्रांच्या मर्यादा आल्या. दिवसाच्या मर्यादा वेगळ्या. रात्री दहा ते सकाळी सहा मात्र औद्योगिक भागात ७०, व्यापारी ५५, निवासी ४५ आणि दवाखाने-शाळांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ४०. हे सगळे आकडे सरासरीचे, आणि खरा घोळ त्याच शब्दात आहे.

ही शाळेतली बेरीज-भागाकाराची सरासरी नव्हे. आवाजाची ऊर्जा धरून काढलेली ती समतुल्य पातळी. समजा रस्त्याकडेच्या खोलीबाहेर आवाज ६० डेसिबलवर स्थिर आहे आणि एका ट्रकवाल्याने एक सेकंद ९० डेसिबलचा हॉर्न मारला. शाळेतल्या पद्धतीने त्या मिनिटाची सरासरी ६०.५ येईल. ऊर्जेच्या हिशेबाने ती ७२.५ येते, कारण ९० डेसिबलमधली ऊर्जा ६० च्या हजारपट असते. इथपर्यंत मीटर झोपणाऱ्याच्या बाजूने आहे. आता तोच एक हॉर्न रात्रीच्या आठ तासांवर पसरा. सरासरी ६०.१. तसे वीस हॉर्न वाजले तरी ६२.३. वीसदा दचकून उठलेल्या माणसाच्या पदरी कागदावर जेमतेम सव्वादोन डेसिबल पडतात.

या मापाची बाजू घेणारे म्हणतात की वर्षानुवर्षांचा त्रास एकूण ऊर्जेशी जुळतो आणि दोन गावांची तुलना एका आकड्यात होते. ते खरंही आहे. पण झोप मोडते ती त्या एका सेकंदाला. त्यात वाहनं दुप्पट झाली तरी हे माप तीनच डेसिबल चढतं, त्यामुळे ‘लक्षणीय फरक नाही’ हे वाक्य कुठल्याही अहवालात आरामात बसतं.

वरचा ६२.३ चा आकडा हायवेलगतच्या उचगावातल्या वस्तीत निघाला तर मर्यादेच्या सतरा डेसिबल वर. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत निघाला तर नियमात. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला २०१० च्या दुरुस्तीने बंदी घातली, औद्योगिक भागात ती बंदी नाही. पण एमआयडीसीच्या आसपास कामगार राहतातच. मी पाहिलेल्या एका घरात हायवेकडच्या दोन पत्र्याच्या खोल्या भाड्याने दिलेल्या आणि मालक मागे, स्लॅबखाली. पुढच्या खोलीत मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना चिकटवून ठेवले होते, मध्ये कापडाची घडी. लोड भरलेला ट्रेलर गेला की ते वाजतात म्हणून. भाडेकरूची नाइट शिफ्ट असेल तर तो झोपतो दिवसा, आणि औद्योगिक भागाची दिवसाची मर्यादा ७५ आहे. एकाच भिंतीच्या दोन बाजूंचा हा फरक चार रकान्यांच्या तक्त्यात उतरत नाही.

सुवर्ण चतुष्कोनात पुणे-बंगळूर रस्ता चौपदरी झाला तेव्हा तो एनएच ४ होता, आता ४८. जुन्या रस्त्याला फाट्यावर गाडी हळू व्हायची, चौपदरीवर वेग वाढला, आणि वेगाबरोबर टायरचा घासणारा आवाज. पुलांखाली, सर्व्हिस रोडला धाबे, टायरवाले, गॅरेजं, मग त्यांच्या मागे घरं आली. रस्ता आधी की वस्ती आधी, हा वाद इथे नेहमी घातला जातो आणि वस्तीच्या अंगावर ढकलला जातो. शिरोली, उचगाव ही गावं मात्र चौपदरीच्या कितीतरी आधीची. दरम्यान २०१७ मध्ये नियम पुन्हा बदलला: दवाखाना, शाळा, कोर्टाभोवतीचे शंभर मीटर आपोआप शांतता क्षेत्र राहिले नाहीत, सरकारने तसं जाहीर करावं लागतं. आता सातारा-कागल सहापदरीचं काम चालू आहे. मध्य प्रदेशात पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाला प्राण्यांसाठी आवाज आणि उजेड अडवणाऱ्या भिंती लावल्या आहेत. वाघाला भिंत मिळाली याचं वाईट वाटायचं कारण नाही.

हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या टोळ्या रस्त्याकडेच्या रिकाम्या तुकड्यांवर खोपटी घालतात. पाचट, बांबू, वर प्लास्टिकचा कागद. आत तान्ही मुलं झोपलेली असतात आणि हातभर अंतरावरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर टेप लावून कारखान्याकडे जातो. नकाशावर तो तुकडा शेतीचा असतो. नियमांच्या चार रकान्यांत शेती नाही.