ब्लिट्झ आणि झोन ब्लिट्झ : नजर मागे सरणाऱ्यावर ठेवा

२३ जानेवारी २०११, शिकागोचं सोल्जर फील्ड, अमेरिकन फुटबॉलचा सामना. ग्रीन बे पॅकर्स १४-७ ने पुढे आहेत, चौथा क्वार्टर चालू आहे. शिकागो बेअर्सचा केलेब हेनी हा त्या दिवशी मैदानात उतरलेला त्यांचा तिसरा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा सूत्रधार. तो आपल्या रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे) एक छोटा, सोपा पास टाकतो आणि तो पास मध्येच पकडतो बी. जे. राजी. वजन ३३७ पौंड, म्हणजे दीडशे किलोंच्या वर. जागा नोज टॅकलची, डिफेन्सच्या पुढच्या फळीच्या मधोमध. याचं रोजचं काम समोरच्या भिंतीला छाती लावून ढकलण्याचं. तो चेंडू घेऊन १८ यार्ड पळतो, गोलरेषा ओलांडून टचडाउन करतो, आणि पॅकर्स तो सामना २१-१४ असा जिंकून सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, जातात.

भाचा शिकायला इथे अमेरिकेत आला तेव्हा मी त्याला ही चाल दाखवली. तो म्हणाला, "मामा, ब्लिट्झ म्हणजे क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं ना? मग हा पहाडासारखा माणूस मागे काय करत होता?"

त्याने नेमक्या गाठीवर बोट ठेवलं होतं. ब्लिट्झ आणि झोन ब्लिट्झ ही दोन नावं सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात. पण त्यांच्यामागचा विचार जवळजवळ उलटा आहे, आणि तो फरक कळला की लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या फळीच्या लगेच मागे उभा राहणारा खेळाडू, एकदम वेगळा दिसायला लागतो.

आधी गिनती. डिफेन्सचे, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाचे, ११ जण. नेहमीच्या चालीत त्यातले चार पुढे धावतात, सात मागे पास राखतात. पाच किंवा त्याहून जास्त धावले की त्याला ब्लिट्झ म्हणायचं. हा जास्तीचा गडी बहुधा लाइनबॅकर असतो, पण सगळ्यात मागे उभा राहणारा सेफ्टीही असू शकतो. १९६०च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या लॅरी विल्सनने सेफ्टीच्या जागेवरून धावून येऊन भल्याभल्या क्वार्टरबॅकना आडवं केलं होतं. पाच जण धावले ही अट दोन्ही प्रकारांत पुरी होते, आणि गोंधळ होतो तो इथेच. फरक उरलेल्या सहा जणांत आहे.

जुन्या पद्धतीच्या ब्लिट्झमध्ये, त्याला मॅन ब्लिट्झ म्हणू, पाच धावतात, पाच जण समोरच्या पाच रिसीव्हरना, म्हणजे पास झेलणाऱ्यांना, एकास एक धरतात आणि एक सेफ्टी खोलवर राखणीला उभा राहतो. सहावाही धावला तर तो सेफ्टीसुद्धा जातो. मागे कुणीच नाही, म्हणून त्याला कव्हर झिरो म्हणतात. हिशेब सरळ आहे: तुमच्याकडे अडवायला जितके आहेत त्याहून आमचे जास्त येणार, तुमचा पास सुटायच्या आत आम्ही पोचणार. पोचलो तर सॅक, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा. नाही पोचलो तर मागे प्रत्येक जण एकटा आहे, आणि एक जरी चुकला तरी चेंडू थेट गोलरेषेपलीकडच्या एंड झोनमध्ये.

डिफेन्स प्रशिक्षक बडी रायन यांनी १९८५च्या शिकागो बेअर्सना असंच खेळवलं. त्यांच्या ४६ डिफेन्सला नाव मिळालं ते डग प्लँक या सेफ्टीच्या जर्सीवरच्या आकड्यावरून. बेअर्सनी त्या मोसमात १५ सामने जिंकले, एक हरले, आणि सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४६-१० असं चिरडलं. पण मला त्या मोसमातला सगळ्यात शिकवणारा सामना वाटतो तो हरलेला. २ डिसेंबरला मायामी डॉल्फिन्सनी त्यांना ३८-२४ ने हरवलं. मायामीने नॅट मूर या चपळ रिसीव्हरला कडेवरून उचलून आत स्लॉटमध्ये आणलं, जिथे त्याच्या वाट्याला कडेचे रिसीव्हर राखणाऱ्या कॉर्नरबॅकऐवजी बऱ्याचदा लाइनबॅकर येत होता. आणि चेंडू टाकायला डॅन मरिनो, ज्याच्या हातात चेंडू मुळी थांबायचाच नाही. मॅन ब्लिट्झचं दुखणं या एका सामन्यात पुरतं दिसतं. चढाई कितीही जबर असो, मागे राहिलेल्या लाइनबॅकरला एकट्याने एक वेगवान माणूस सांभाळावा लागतो.

झोन ब्लिट्झ जन्माला आला तो या दुखण्यातूनच. डिक लेबो हे डेट्रॉइट लायन्सचे जुने कॉर्नरबॅक, खेळाडू म्हणून ६२ इंटरसेप्शन (मध्येच पकडलेले पास) नावावर. १९८०च्या दशकात ते सिनसिनाटी बेंगल्सचे डिफेन्स प्रशिक्षक होते. तो काळ बिल वॉल्श यांच्या वेस्ट कोस्ट ऑफेन्सचा: छोटे पास, झटपट पास, ठरलेल्या पावलांवर सुटणारे पास. बेंगल्स दोन सुपर बोल वॉल्श यांच्याच सॅन फ्रान्सिस्को संघाकडून हरले. चेंडू इतक्या लवकर सुटत असेल तर सहा जण धावून तरी काय उपयोग? लेबोंचं उत्तर असं की धावायचे पाचच, पण कुठले पाच ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. एका बाजूने लाइनबॅकर येईल, आणि त्याच्या बदल्यात दुसरीकडचा लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, जो धावणार असं सगळ्यांनी गृहीत धरलंय, तो मागे सरून पासच्या वाटेत उभा राहील. उरलेल्या सहांपैकी तिघे जवळची पट्टी सांभाळतील आणि तिघे खोलवरची. माणूस धरायचा नाही, जागा धरायची. मॅन ब्लिट्झची विभागणी पाच-पाच-एक, झोन ब्लिट्झची पाच-तीन-तीन.

कागदावर हा किरकोळ बदल वाटतो. मैदानात काय होतं ते जवळून पाहायला हवं.

स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याच्या, आधी क्वार्टरबॅक हात लांब करून एका लाइनबॅकरकडे बोट दाखवतो आणि त्याचा आकडा ओरडतो: "फिफ्टी-फोर माइक!" माइक म्हणजे मधला लाइनबॅकर. टीव्हीवर हे दर चालीला ऐकू येतं आणि आपण ते सोडून देतो, पण ऑफेन्सच्या पाच लाइनमननी कोणाला अडवायचं याची वाटणी त्या एका आकड्यावर ठरते. माइक इथे, म्हणजे डिफेन्सच्या फळीतला डावीकडच्या टोकाचा एंड ऑफेन्सच्या टॅकलचा, मधला नोज ऑफेन्सच्या मधल्या सेंटरचा, अशी मोजणी पुढे सरकते. आता स्नॅप होतो. डावा एंड एक पाऊल पुढे टाकतो, समोरच्याच्या खांद्याला हात लावल्यासारखं करतो आणि मागे सरतो. त्याला अडवायला उभा असलेला तीनशे पौंडांचा टॅकल हात पसरून रिकाम्या हवेसमोर उभा राहतो. त्याच क्षणी पलीकडच्या बाजूने लाइनबॅकर आणि एंड असे दोघे एका ब्लॉकरवर आलेले असतात. ऑफेन्सकडे अडवणारे पुरेसे होते, पण त्यातला एक फुकट गेला. झोन ब्लिट्झचा खरा फायदा हा फुकट गेलेला ब्लॉकर आहे.

दुसरा फायदा राजीच्या हातात आलेला. ब्लिट्झ येताना दिसला की क्वार्टरबॅकला शिकवलेलं असतं की लाइनबॅकर जिथून निघाला, ती जागा मोकळी झाली, चेंडू तिथे टाक. अशा पासला हॉट म्हणतात. मॅन ब्लिट्झविरुद्ध हा उपाय बिनतोड आहे. झोन ब्लिट्झमध्ये मात्र त्याच मोकळ्या वाटणाऱ्या जागी मागे सरलेला लाइनमन येऊन उभा असतो. कबड्डीत बोनस रेषेकडे वाट मोकळी दिसली म्हणून चढाईपटू पाय टाकतो आणि कोपरारक्षक नेमका घोट्याला धरतो, तसंच. राजीला त्या चालीत मागे पाठवणारे पॅकर्सचे डिफेन्स प्रशिक्षक डॉम केपर्स १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये लेबोंसोबत काम करून आलेले होते, हे सांगितल्यावर भाच्याने ती चाल पुन्हा लावायला सांगितली.

या दोन प्रकारांत लाइनबॅकरची कामं इतकी वेगळी आहेत की दोन्ही चांगली करणारा खेळाडू मिळणं अवघड. मॅन ब्लिट्झमध्ये जो धावत नाही त्याच्या गळ्यात एक माणूस असतो, बहुधा रनिंग बॅक किंवा टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा). त्याने पळत्याच्या कमरेकडे बघत राहायचं, कारण खांदे आणि डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. चेंडू कुठे आहे हे त्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसतही नाही. त्याचा माणूस पळायच्या ऐवजी ब्लॉक करायला थांबला तर लाइनबॅकर मोकळा होतो आणि तोही क्वार्टरबॅककडे धावतो. याला ग्रीन डॉग म्हणतात. पाचांची चाल ठरलेली असताना सहा धावल्यासारखे दिसतात ते बऱ्याचदा यामुळे.

झोन ब्लिट्झमधल्या लाइनबॅकरला पाठ फिरवून चालत नाही. तो क्वार्टरबॅकवर डोळे ठेवून मागे सरतो. जवळच्या पट्टीतल्या तिघांपैकी दोघे दोन बाजूंच्या शिवणी धरतात, म्हणजे कडेपासून आत मोजल्यावर दुसरा येणारा रिसीव्हर ज्या उभ्या वाटेने पळेल ती वाट. मधला तिसऱ्या रिसीव्हरवर लक्ष ठेवून मध्यभाग धरतो. तिघांनी ५३ यार्ड रुंदीचं मैदान झाकायचं, म्हणजे भेगा राहणारच. धीराचा क्वार्टरबॅक त्या भेगा शोधतो, आणि मागे सरलेल्या जडशा लाइनमनसमोर चपळ रनिंग बॅक आला तर तीही मोठी फट आहे. झोन ब्लिट्झला सुरक्षित ब्लिट्झ म्हणतात ते मला अर्धंच पटतं. त्यात एका फटक्यात टचडाउन जाण्याची भीती कमी, पण आठ-दहा यार्ड देत राहण्याची तयारी लागते.

लाइनबॅकर मागे पळाला म्हणजे झोन ब्लिट्झच, असंही नाही. टॅम्पा टू या पद्धतीत मधला लाइनबॅकर दोन सेफ्टींच्या मधोमध खोलवर पळत जातो. ब्रायन अर्लॅकरने बेअर्ससाठी ते वर्षानुवर्षं सुंदर केलं. पण तिथे पुढे धावणारे चारच असतात, ब्लिट्झ नसतोच. आणि अलीकडे ज्याला सिम्युलेटेड प्रेशर म्हणतात त्यात अदलाबदल झोन ब्लिट्झसारखीच, पण एकूण धावणारे पुन्हा चारच.

टीव्हीवर ओळखायचं कसं? थेट चालीत कॅमेरा चेंडूमागे जातो, खोलवरचे खेळाडू दिसत नाहीत. रिप्ले मागच्या कोनातून दाखवला की मागच्या खेळाडूंचे चेहरे बघा. बहुतेकांची पाठ क्वार्टरबॅककडे असेल आणि ते रिसीव्हरच्या मागे पळत असतील तर मॅन. तोंड क्वार्टरबॅककडे, गुडघे वाकलेले, पावलं मागे, तर झोन. आणि त्याआधी जमिनीला हात टेकून बसलेल्या एंडचं पहिलं पाऊल बघा. भाच्याला सुरुवातीला हे दिसायचं नाही. तो चेंडूच बघायचा. तीन-चार रविवार गेले आणि मग एका चालीत चेंडू सुटायच्या आधीच तो ओरडला, "मामा, एंड मागे गेला!"

त्यानंतर मी त्याला १ फेब्रुवारी २००९ची चाल दाखवली. टॅम्पात सुपर बोल, स्टीलर्स विरुद्ध अॅरिझोना कार्डिनल्स, स्टीलर्सचं डिफेन्स लेबोंच्याच हातात. पहिला हाफ संपायला १८ सेकंद, स्टीलर्स १०-७ ने पुढे, आणि कार्डिनल्स गोलरेषेपासून एक-दोन यार्डांवर. लेबोंनी ब्लिट्झ लावला. जेम्स हॅरिसन या बाहेरच्या लाइनबॅकरने धावायचं होतं. पण चेंडू इथून क्षणात सुटणार, आपण पोचणार नाही, हे त्याने ओळखलं. तो एक पाऊल पुढे गेला, धावतोय असं भासवलं, आणि मागे सरला. कर्ट वॉर्नरने अँक्वान बोल्डिनकडे टाकलेला पास हॅरिसनच्या हातात आला. ठरलेला ब्लिट्झ एका माणसाने स्वतःच्या डोक्याने, स्नॅपनंतर, बदलून टाकला होता.

तो उजव्या कडेने पळत सुटला. १०० यार्ड. घड्याळ शून्यावर गेलं तरी तो पळतच होता, आणि शेवटी लॅरी फिट्झजेराल्डने मागून गाठून त्याला पाडलं तोवर अंग एंड झोनमध्ये पोचलं होतं. स्टीलर्स पुढे तो सामना २७-२३ असा जिंकले. भाच्याने पळत जाण्याचा भाग दोनदाच पाहिला. मग रिप्ले मागे नेला, स्नॅपवर थांबवला आणि हॅरिसनचं ते एक पाऊल, पुढे जाऊन मागे येणारं, तो पुन्हा पुन्हा बघत बसला.