डिस्टेंपरचं औषध नेमकं कधी द्यायचं?

डिस्टेंपर हा कुत्र्यांना होणारा विषाणूजन्य आजार. तो झालेलं एक पिल्लू मी जवळून पाहिलं आहे. ताप उतरला होता, नाकाडोळ्यांतून वाहणारा चिकट द्राव थांबला होता, ते चाटून चाटून खायलाही लागलं होतं. वाचलं म्हणून सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. आणि एका दुपारी त्याचा मागचा पाय उडायला लागला. ठरावीक लयीत, झटक्यामागून झटका. पिल्लू गाढ झोपलं तरी पाय उडतच होता. विषाणू तोवर मेंदूत आणि मज्जारज्जूत पोचला होता.

अशा वेळी मालकाला दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक, 'यावर इलाजच नाही.' दुसरा, 'अमुक केलं की हमखास बरं होतं.' या दुसऱ्या प्रकारात लसणाचा रस पाजण्यापासून ते कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची लस वापरण्यापर्यंत सगळं येतं. लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, त्यामुळे तो विषय इथेच संपवू. राणीखेतचा उपाय जरा गंभीरपणे घ्यायला हवा. निरोगी कुत्र्याला ती लस टोचायची आणि काही तासांनी त्याच्या रक्तातला द्रव काढून आजारी कुत्र्याला द्यायचा, अशी ती पद्धत. बऱ्या झालेल्या कुत्र्यांचे व्हिडिओ मन हेलावून टाकतात, हे खरंच. पण डिस्टेंपरमधून बरीच कुत्री स्वतःच्या प्रतिकारशक्तीवरही वाचतात. उपचार न मिळालेला तुलनेचा गट शेजारी नसेल, तर कुत्रं उपायामुळे वाचलं की उपाय करूनही वाचलं, हे कळायला मार्ग नाही.

हा तुलनेचा गट ठेवून केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. तो समजायला आधी विषाणूच्या पोटात शिरावं लागेल.

डिस्टेंपरचा विषाणू गोवराच्या विषाणूचा सख्खा नातलग. गुरांचा बुळकांडी रोग, जो २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं, तोही याच घराण्यातला. या विषाणूचा सगळा मजकूर आरएनएच्या एका धाग्यावर लिहिलेला असतो. अक्षरं सुमारे १५,७००, जनुकं फक्त सहा. पण हा मजकूर उलटा असतो, शिक्क्यावर कोरलेल्या अक्षरांसारखा. कुत्र्याच्या पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला तो वाचताच येत नाही. आधी त्याचा सुलटा ठसा उमटवायला हवा, आणि आरएनएवरून आरएनए उतरवून काढणारं असं यंत्र विषाणूला पेशीत आयतं मिळत नाही. म्हणून तो स्वतःचं यंत्र सोबत घेऊनच आत शिरतो. त्याचं नाव पॉलिमरेज.

हे पॉलिमरेज काम कसं करतं, ते पाहण्यासारखं आहे. धाग्यावर मधूनच कुठेतरी बसणं त्याला जमत नाही, सुरुवात एका ठरलेल्या टोकापासूनच. पहिल्या जनुकाची प्रत काढायची, थांबायचं, दुसऱ्याची काढायची, पुन्हा थांबायचं. प्रत्येक थांब्यावर काही पॉलिमरेज धाग्यावरून निसटतात, आणि निसटलेल्याला परत पहिल्या टोकाशी यावं लागतं. परिणामी पहिल्या जनुकाच्या प्रती सर्वांत जास्त निघतात आणि शेवटच्याच्या सर्वांत कमी. पहिलं जनुक धाग्याला गुंडाळणाऱ्या प्रथिनाचं आहे. ते ढीगभर लागतं, कारण त्याचा एक रेणू फक्त सहा अक्षरं झाकतो. म्हणूनच संपूर्ण धाग्याची लांबीही सहाच्या पटीत असावी लागते. आणि शेवटचं जनुक खुद्द पॉलिमरेजचं, कारण यंत्रं थोडी पुरतात. कुठलं प्रथिन किती हवं याचा हिशेब नुसत्या क्रमातून सुटतो! वेगळं नियंत्रण ठेवायला एवढ्याशा धाग्यात जागा तरी कुठे आहे?

या यंत्राला अडवलं तर विषाणूचा सगळा कारभार ठप्प होतो. शिवाय कुत्र्याच्या पेशीत त्याच्या जोडीचं यंत्र नसल्यामुळे नेमका त्यावरच नेम धरता येतो.

अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातले रिचर्ड प्लेम्पर आणि जर्मनीच्या पॉल एर्लिश संस्थेतल्या व्हेरोनिका फॉन मेसलिंग यांच्या गटांनी तोंडावाटे देता येणारं असं एक औषध तयार केलं आणि तपासलं. त्याचं नाव ईआरडीआरपी-०५१९. प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा रोख गोवरावर होता, पण चाचणी डिस्टेंपरच्या विषाणूवर आणि फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर झाली. फेरेटना डिस्टेंपर झाला की ते जवळपास वाचतच नाहीत, त्यामुळे औषधाचा गुण आला का, हे तिथे लख्ख दिसतं.

एका गटाला विषाणू देण्याच्या आधीपासूनच औषध सुरू केलं. दुसऱ्याला संसर्गानंतर तिसऱ्या दिवशी, विषाणू रक्तात उतरू लागल्यावर. तिसऱ्याला औषधच नाही. तिसऱ्या गटातले प्राणी दगावले. कुणीही म्हणेल, आधीपासून औषध मिळालेले सर्वांत सुखरूप असणार. झालं उलटं! त्यांच्या रक्तातला विषाणू कमी झाला, ते जास्त दिवस जगले, पण तेवढंच. तिसऱ्या दिवशी औषध सुरू झालेले मात्र वाचले, त्यांच्यात आजाराची लक्षणंही दिसली नाहीत. पुढे त्यांना विषाणूची जीवघेणी मात्रा पुन्हा दिली, तीही त्यांनी पचवली.

हा निकाल वाचला तेव्हा मी थबकलो. त्याचा अर्थ मला असा लागतो: औषध विषाणूची वाढ रोखून धरतं, पण शरीरातून त्याला हुसकावून लावायचं काम शेवटी प्रतिकारशक्तीचंच. त्यासाठी तिला शत्रूची ओळख पटावी लागते. पहिल्या क्षणापासून विषाणू दाबून ठेवला तर ती ओळख कच्ची राहत असावी. दोन-तीन दिवस त्याला वाढू दिलं आणि मग लगाम घातला, तर ओळखही पटते आणि लढायला वेळही मिळतो. हा वेळ डिस्टेंपरमध्ये फार महत्त्वाचा, कारण हा विषाणू आधी गाठतो त्या प्रतिकारशक्तीच्याच पेशी.

आता कुत्र्यांकडे वळू. हे औषध अजून दवाखान्यात मिळत नाही, आणि फेरेटमध्ये जे घडलं ते कुत्र्यांत जसंच्या तसं घडेल असं गृहीत धरू नये. पण संशोधनाची खरी अडचण मला वेळेची दिसते. कुत्र्याला पहिला ताप येतो संसर्गानंतर साधारण तीन ते सहा दिवसांनी. तो एक-दोन दिवसांत उतरतो आणि बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. नाक वाहणं, खोकला, जुलाब हे सगळं त्यानंतरचं. पाय उडायला लागेपर्यंत तर कित्येक आठवडे उलटलेले असू शकतात. म्हणजे पिल्लू दवाखान्यात पोचतं तेव्हा फेरेटचा तो तिसरा दिवस केव्हाच मागे पडलेला असतो.

म्हणून अशा औषधाची चाचणी आधी घ्यायला हवी ती आजारी पिल्लाच्या भावंडांवर. एकाच टोपलीत झोपलेली, वरवर खेळती, लस न झालेली. एकाचं निदान पक्कं झालं की बाकीच्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजायचा, स्वॅब तपासायचे, आणि ज्याच्यात विषाणू पहिल्यांदा सापडेल त्याला त्याच दिवशी चाचणीत घ्यायचं. त्यांतल्या निम्म्या पिल्लांना औषधाऐवजी फक्त नेहमीची शुश्रूषा मिळेल. हे लिहिताना जीव तुटतो, पण ती निम्मी पिल्लं नसतील तर आपल्या हाती पुन्हा व्हिडिओच उरतील.