कागदावरच राहिलेले वाफेचे इंजिन

२०१२ मध्ये ब्रिटनमधल्या ५एटी प्रकल्पाचे काम थांबले. बेत असा होता, की वाफेचे अगदी नवे इंजिन बांधायचे, त्याची आखणी ताशी २०० किलोमीटरसाठी करायची आणि आजच्या मुख्य मार्गांवर पर्यटकांच्या गाड्या त्याने ओढायच्या. मूलभूत गणिते पूर्ण झाली होती. अडले ते पैशाशी. ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर ऐंशीएक वर्षे मागे, फ्रान्सपर्यंत जावे लागते.

आंद्रे शापलाँ हे तिथले रेल्वे अभियंते. १९२९ मध्ये त्यांनी पॅरिस-ऑर्लेआं रेल्वेचे ३५६६ क्रमांकाचे इंजिन नव्याने घडवले. वाफ ज्या नळ्यांतून जाते त्या रुंद केल्या, वाफ अधिक तापवली, धुराड्यातल्या झोताची रचना बदलली. त्याच सांगाड्यातून दीडपटीहून अधिक ताकद निघाली. १९४६ मध्ये त्यांचे २४२ए१ रुळांवर आले. ते ४-८-४ मांडणीचे होते : पुढे चार छोटी चाके, मध्ये ओढणारी आठ, मागे पुन्हा चार. युरोपातल्या सर्वांत ताकदवान वाफेच्या इंजिनांत त्याची गणना होते. त्यापुढच्या इंजिनांची एक मालिकाच त्यांच्या मनात होती. पण फ्रेंच रेल्वेने विजेचा रस्ता धरला, मालिका कागदावर राहिली आणि १९६० मध्ये २४२ए१ भंगारात निघाले. न बांधलेल्या इंजिनांबद्दल बोलताना मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याची.

शापलाँ यांचे काम पुढे नेले अर्जेंटिनाच्या लिव्हियो दान्ते पोर्ता यांनी. त्यांची भट्टीची कल्पना जवळून पाहण्यासारखी आहे. नेहमीच्या इंजिनात जळणासाठीची बहुतेक हवा जाळीखालून, पेटत्या कोळशातून वर येते. इंजिन जोर लावू लागले की हा झोत इतका वाढतो की कोळशाचे बारीक कण न जळताच उचलले जातात आणि धुराड्यातून बाहेर पडतात. रात्री चढणीवर इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्या देखण्या दिसतात, पण तो सगळा वाया गेलेला कोळसा असतो. पोर्ता यांनी कोळशाचा थर जाड ठेवला, खालून येणारी हवा कमी केली, तिच्यात थोडी वाफ मिसळली आणि उरलेली हवा भट्टीच्या बाजूंना भोके पाडून थराच्या वर सोडली. मग खाली कोळशाचा वायू होतो आणि वर तो वायू जळतो. वाफेमुळे थराचे तापमान आवाक्यात राहते, त्यामुळे राख वितळून जाळीवर ढेकळे धरत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत डेव्हिड वॉर्डेल या अभियंत्यांनी हे तंत्र मोठ्या इंजिनावर उतरवले. १९८१ मध्ये ३४५० क्रमांकाचे इंजिन नव्या रूपात बाहेर आले. त्याच्या लाल रंगामुळे लोक त्याला ‘रेड डेव्हिल’ म्हणू लागले. मोजणीत कोळशाची बचत २८ टक्के भरली, पाण्याची ३० टक्के. एवढे होऊनही ते आपल्या वर्गातले एकुलते एक राहिले, कारण तिथल्या रेल्वेचा डिझेल आणि विजेकडे जाण्याचा निर्णय आधीच झाला होता.

अमेरिकेतही असेच झाले. १९७९ च्या तेलसंकटानंतर रॉस रोलंड यांच्या कंपनीने एसीई ३००० या इंजिनाचा आराखडा पुढे आणला. ते कोळशावर चालणार होते, त्याचे नियंत्रण संगणकाकडे असणार होते, आणि पोर्ता यांचाही त्यात सहभाग होता. चाचण्यांसाठी ६१४ क्रमांकाचे जुने इंजिन घेतले आणि जानेवारी १९८५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात त्याला कोळशाच्या मालगाड्या जोडल्या. पुढे तेलाचे भाव कोसळले आणि आराखड्याची निकडच संपली.

वॉर्डेल यांची ५एटीची कल्पना या सगळ्या अनुभवातून आली. आकाराने ते ब्रिटिश रेल्वेच्या जुन्या स्टँडर्ड क्लास ५ एवढेच, ४-६-० मांडणीचे, पण बॉयलरचा दाब २१ बार (हवेच्या दाबाच्या सुमारे २१ पट), जळण हलके तेल आणि ओढण्याची ताकद त्या जुन्या इंजिनाच्या जवळपास दुप्पट. हा आराखडा हवेतला नव्हता. त्यातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे चालवून पाहिलेली होती.

मग पैसे का जमले नाहीत? याच काळात इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनमध्ये रेल्वेप्रेमींनी वर्गणीतून ‘टॉर्नेडो’ हे इंजिन शून्यापासून बांधले. १९९० मध्ये सुरू झालेले काम २००८ मध्ये पूर्ण झाले, खर्च सुमारे ३० लाख पौंड. ब्रिटिश अभियंते पेपरकॉर्न यांच्या ए१ वर्गातली ४९ इंजिने एकूण एक भंगारात गेली होती, हे पन्नासावे. लोकांनी दरमहा पैसे दिले, कारण ती इंजिने त्यांनी लहानपणी फलाटावरून पाहिली होती किंवा वडिलांकडून ऐकली होती. ५एटी कोणीच पाहिले नव्हते. माझ्या मते खरी अडचण ही होती. वाफेच्या इंजिनांवरचे प्रेम आठवणींवर पोसलेले असते, आणि जे कधी धावलेच नाही त्याची आठवण कुठून येणार?

म्हणूनच न बांधलेली इंजिने मनापासून रेखाटणाऱ्यांचे मला अप्रूप वाटते. ब्रिटिश रेल्वे अभियंत्यांपैकी ग्रेस्ली यांचे ४-८-२, स्टॅनियर यांच्या काळात आखलेले ४-६-४, ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे हॉक्सवर्थ यांचे पॅसिफिक (म्हणजे ४-६-२) : यांचे अर्धेमुर्धे आराखडे घेऊन लोक आजही पूर्ण चित्रे काढतात, मॉडेले बनवतात. या छंदातला जाणता माणूस रंगापासून सुरुवात करत नाही. आधी पूल आणि फलाट यांच्यातून इंजिन जाईल का ते बघतो, मग एकेका आसावर किती वजन पडते ते. त्यानंतर फायरमनचा, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणाऱ्याचा हिशोब. ब्रिटनमध्ये एका माणसाने फावड्याने तासाला साधारण ३,००० पौंड कोळसा टाकावा, हीच मर्यादा धरत. चित्रातली भट्टी त्याहून जास्त मागत असेल, तर कोळसा टाकणारे यंत्र बसवावे लागते; मग त्याला जागा हवी, वजन वाढते, आणि पुन्हा आसांपासून गणित मांडावे लागते. ज्याने हे एकदा केले, त्याला मूळ अभियंते कुठे आणि का थबकले हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

वाफेचे नवे इंजिन आजही बांधून चालवता येते, हा पोर्ता-वॉर्डेल यांचा विचार बरोबर होता याचा पुरावा स्वित्झर्लंडमध्ये मिळतो. ब्रिएन्झ-रोटहॉर्नच्या दातेरी रुळांच्या डोंगरी मार्गासाठी १९९२ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये वाफेची नवी इंजिने बांधली गेली. ती हलक्या तेलावर चालतात, फायरमन लागत नाही, एकटा चालक ती डोंगरावर नेतो. त्यांना गिऱ्हाईक मिळाले, कारण तिथे प्रवासी वाफेच्या गाडीसाठीच तिकीट काढतात आणि एका माणसाचा पगार वाचला की रेल्वेचा हिशोब जुळतो.