फोर्कमधल्या हवेचा मागोवा

सायकलच्या पुढच्या चिमट्यात, म्हणजे फोर्कमध्ये, हवा भरायची असते, हे ऐकून आजही अनेकांना नवल वाटतं. हवा टायरमध्ये मारायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण उतारावर हातांचा भार ज्या फोर्कवर असतो, त्याच्या आत स्प्रिंग नसून नुसती हवा आहे, हे चटकन पटत नाही. टेकडीवर नवीन आलेला रायडर पहिला प्रश्न हाच विचारतो: किती पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) ठेवू? आकडा मीही सांगतो. पण तो आकडा कुठून आला हे कळलं तर सेटिंग पाठ करावं लागत नाही, म्हणून हा जुना हिशेब मांडतोय.

हवेचा शॉक, म्हणजे हवेवर दणका सोसणारा भाग, सायकलवाल्यांनी शोधलेला नाही. विमान धावपट्टीवर टेकतं तेव्हाचा दणका हवा आणि तेल भरलेले पाय सोसतात. असे पाय बनवणाऱ्या ब्रिटनमधल्या डाउटी कंपनीचे हवेचे फोर्क 1940 च्या दशकाच्या अखेरीस पँथर आणि व्हेलोसेट मोटरसायकलींना बसत होते. पुढे कॅलिफोर्नियात बॉब फॉक्सने 1970 च्या दशकात मोटोक्रॉससाठी, म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींसाठी, हवेचे शॉक बनवले. त्याच काळात, त्याच राज्यात, मरिन काउंटीच्या टमालपायस डोंगरावर काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली उतारावरून सोडत होती. त्यांचं सस्पेंशन म्हणजे ते टायर आणि स्वतःची कोपरं.

या दोन्ही गोष्टी जुळवल्या पॉल टर्नरने. मोटोक्रॉसच्या गाड्यांवर हात काळे केलेल्या या माणसाने स्टीव्ह सायमन्सबरोबर 1989 मध्ये रॉकशॉक्स सुरू केली. त्यांचा पहिला फोर्क आरएस-1. आत हवा आणि तेल, आणि चाल, म्हणजे फोर्क दबतो ते अंतर, जेमतेम दोन इंच. 1990 मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि डाउनहिलमध्ये, म्हणजे उताराच्या शर्यतीत, ग्रेग हर्बोल्ड याच फोर्कवर जिंकला. वजन वाढवणारं खूळ म्हणून हिणवणाऱ्यांना मग दुसरं उत्तर द्यावं लागलं नाही.

तरीही पुढची काही वर्षं हवा मागे पडली. डग ब्रॅडबरीच्या मॅनिटू फोर्कमध्ये रबरासारख्या इलॅस्टोमरचे तुकडे होते. थंडीत ते दगडासारखे व्हायचे, पण डोंगरात मध्येच दगा देत नसत. हवेच्या फोर्कला फुटबॉलमध्ये घालतात तशी सुई घालून हवा भरावी लागे, आणि हवेची जागा इतकी लहान, की सीलमधून, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीतून, थोडी जरी निसटली तरी फोर्क बसलाच. लोकांनी रबर का निवडलं असेल, हे मला पूर्ण पटतं.

हवेचं खरं दुखणं मात्र गळती नव्हतं. स्प्रिंग दाबायला लागलो की सुरुवातीला ती जवळजवळ फुकट दबते. हवेचं तसं नाही. 28 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर 80 पीएसआय दाब असेल, तर हालण्याआधीच 35 किलोंच्या आसपास रेटा उभा असतो. त्यात सीलचं घर्षण. बारीक खडीवर फोर्क ढिम्म हालत नाही आणि सगळी थरथर मनगटात जाते. इलाज साधा, पण सुंदर आहे: पिस्टनच्या दुसऱ्या बाजूलाही रेटा ठेवायचा, म्हणजे सुरुवातीचा जोर आतल्या आत फिटतो. यालाच निगेटिव्ह स्प्रिंग म्हणतात. आधी तिथे खरी स्प्रिंग असायची, मग तिथेही हवा आली. काही फोर्कना वर एक आणि खाली एक असे दोन व्हॉल्व असायचे. खालची हवा जास्त झाली की फोर्क स्वतःलाच आत ओढून घ्यायचा. असा एक फोर्क आमच्या ग्रुपमध्ये कितीतरी दिवस ‘खराब’ म्हणून पडून होता. खालच्या व्हॉल्वची पिन दाबली, फुस्स झालं आणि तो अंगठाभर वर आला.

आता बहुतेक फोर्कना व्हॉल्व एकच असतो. आतल्या नळीला एका जागी छोटा पोचा ठेवलेला असतो. पिस्टन तिथून जाताना क्षणभर त्याच्या दोन्ही बाजूंचे हवेचे कप्पे जोडले जातात आणि दाब सारखा होतो. म्हणून हवा भरताना मध्येमध्ये फोर्क सावकाश दाबून सोडायचा. दाबल्यावर गेजचा काटा खाली उतरतो, ती गळती नव्हे, हवा दुसऱ्या कप्प्यात गेली. आणि पंप काढताना जो आवाज येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा. त्या आवाजाला घाबरून जास्तीचे चार पीएसआय भरू नका.

हवेचा एक गुण मात्र उपजत आहे. जागा निम्मी झाली की दाब दुप्पट, हा बॉईलचा नियम. त्यामुळे शेवटाकडे फोर्क आपोआप कडक होतो. किती कडक व्हावा, हे ठरवायला जुने मेकॅनिक हवेच्या कप्प्यात थोडं तेल ओतून जागा कमी करत. 2013 च्या रॉकशॉक्स पाइक फोर्कमध्ये त्याच कामासाठी प्लास्टिकचे टोकन आले. मोठ्या उडीत फोर्क तळाला आपटत असेल तर दाब वाढवू नका, टोकन घाला. दाब वाढवलात तर खडीवरची मऊ चाल हातची जाते.

पुण्याहून लेहला सायकल नेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं. तिथे बाहेरची हवा विरळ, म्हणून तोच फोर्क न भरता सुमारे 4 पीएसआय जास्त दाखवतो. फोर्कच्या खालच्या नळ्यांत कोंडलेली हवाही चाल अडवते. अलीकडच्या काही महागड्या फोर्कना ती सोडायला मागे बटणं असतात. नसतील तर मेकॅनिककडून सोडवून घ्या. मग पूर्ण सामान पाठीवर घेऊन सायकलवर बसा, ओ-रिंग (फोर्कच्या नळीवरची सरकती रबरी कडी) सीलला टेकवा, हलकेच उतरा आणि ती किती सरकली ते मोजा. 120 मिलिमीटरच्या फोर्कवर ती 24 च्या जवळपास सरकलेली असेल, तर पंप पिशवीत ठेवायला हरकत नाही.