सुट्या खिळ्यांचे मुद्रण : आरंभ

सुटी अक्षरे, म्हणजेच खिळे, जुळवून पान बांधायचे, छपाई झाली की ती सोडवून पुढच्या पानासाठी पुन्हा वापरायची, ही ग्रंथमुद्रणाची पद्धत. सबंध पान लाकडी ठोकळ्यावर कोरून छापण्याची रीत हिच्या आधीची असून तारीख नोंदवलेला तिचा एक प्राचीन नमुना, चिनी भाषेतील वज्रच्छेदिका सूत्र, इ. स. ८६८ चा आहे. सुट्या खिळ्यांचा आरंभ मात्र एका ठिकाणी आणि एका वर्षी झाला, असे दाखवता येत नाही.

सर्वांत जुना लेखी आधार चीनमधला आहे. शेन क्वो या विद्वान अधिकाऱ्याच्या ‘मंगशी बीतान’ या टिपणग्रंथात (सु. १०८८) बी शंग नावाच्या साध्या माणसाने छिंगली कालखंडात (१०४१–४८) भाजक्या मातीचे खिळे केल्याचे वर्णन येते. ओल्या मातीवर अक्षर कोरून ते विस्तवात भाजायचे. लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख यांचे मिश्रण पसरायचे, वर लोखंडी चौकट ठेवून तीत खिळे दाटीने बसवायचे, पत्रा तापवून मिश्रण मऊ झाले की सपाट फळीने वरून दाबून अक्षरे एका पातळीत आणायची. असे दोन पत्रे आलटून पालटून चालत. नेहमीच्या चिन्हांचे वीसहून अधिक खिळे तयार असत. क्वचित लागणारे चिन्ह तिथल्या तिथे कोरून गवताच्या जाळावर भाजून घेत. दोन-तीन प्रतींसाठी ही रीत सोयीची नाही, शेकडो-हजारो प्रतींसाठी मात्र अतिशय वेगवान आहे, असा शेन क्वोचा अभिप्राय आहे. लाकूड का वापरले नाही, हेही तो सांगतो : त्याचा पोत एकसारखा नसतो आणि ते ओल धरते. बी शंगने स्वतः छापलेले असे निश्चित म्हणता येईल असे पुस्तक उपलब्ध नाही. तरीही वर्णनातील तपशील इतके कारागिरीच्या अंगाने येतात, की ते ऐकीव कल्पनेवर बेतले असावे असे वाटत नाही.

लाकडी खिळ्यांची माहिती वांग चन याच्या शेतीविषयक ग्रंथाला (१३१३) जोडलेल्या प्रकरणात मिळते. साठ हजारांहून अधिक खिळे त्याने गोल फिरत्या मेजांवर मांडले होते. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, मध्ये बसून मेज फिरवी. या खिळ्यांनी त्याने १२९८ मध्ये एका जिल्ह्याच्या वृत्तान्ताच्या शंभर प्रती महिन्याच्या आत छापल्या. चीनमध्ये ठोकळ्याची छपाई मात्र मागे पडली नाही. हजारो चिन्हांच्या लिपीत खिळ्यांचा साठा, त्यांची मांडणी आणि शोधाशोध यांचा भार मोठा होता, आणि एकदा कोरलेला ठोकळा पुढे हव्या तेव्हा छापता येई.

धातूचे खिळे प्रथम कोरियात ओतले गेले, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील छपाईचे उल्लेख आढळतात. उपलब्ध पुस्तकांत ‘जिकजी’ हा बौद्ध वचनसंग्रह (१३७७, छंगजू येथील हुंगदक विहार) सर्वांत जुना मानतात. त्याचा फक्त दुसरा खंड उरला असून तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १४०३ मध्ये राजा थेजोंग याने सरकारी ओतशाळा काढली. पुढच्या एका वर्णनानुसार लाकडात कोरलेले अक्षर समुद्रकाठच्या बारीक वाळूत दाबत आणि त्या खोबणीत वितळलेले कासे ओतत. जिकजीचे खिळे याच रीतीने केले की मेणाच्या नमुन्यांवरून, हा प्रश्न अनिर्णित आहे.

युरोपात सुट्या खिळ्यांच्या छपाईचे श्रेय जर्मनीतील माइन्त्सच्या योहान गुटेनबर्गकडे जाते, पण त्याचे नाव एकाही छापील पुस्तकावर नाही. त्याच्याविषयी जे कळते ते मुख्यतः कोर्टकचेरीच्या कागदांतून. स्ट्रासबर्गमधील १४३९ च्या खटल्यात दाबयंत्र आणि शिसे यांचा उल्लेख येतो. ६ नोव्हेंबर १४५५ च्या नोंदलेखात सावकार योहान फुस्टने दिलेल्या आठआठशे गिल्डरच्या दोन कर्जांचा वाद आहे. बेचाळीस ओळींच्या बायबलचे काम १४५४–५५ मध्ये पुरे होत आले असावे. पुढे पोप झालेल्या एनिया सिल्व्हियो पिकोलोमिनीने मार्च १४५५ मधील पत्रात फ्रांकफुर्टला पाहिलेल्या सुट्या पानांचे कौतुक केले असून प्रतींची संख्या कोणी १५८, तर कोणी १८० सांगते, असे लिहिले आहे. नेदरलँड्समधील हार्लेमच्या लॉरेन्स कॉस्टरने ही कला आधी शोधली, हा दावा १५८८ मध्ये छापलेल्या ग्रंथावर उभा आहे आणि आज तो बहुतेक अभ्यासक मानत नाहीत.

खरा वाद खिळे ओतण्याच्या रीतीचा आहे. रूढ मत असे : पंचावर, म्हणजे पोलादी ठशावर, अक्षर उलटे कोरायचे, तो तांब्यात ठोकून मातृका, म्हणजे अक्षराचा खोलगट साचा, करायची, मातृका कमीजास्त रुंद होणाऱ्या हातसाच्यात बसवून शिसे, कथिल आणि अँटिमनी यांचा रस ओतायचा. एका मातृकेतून हवे तितके एकसारखे खिळे निघतात. पॉल नीडम आणि ब्लेझ आग्वेरा इ आर्कास या अभ्यासकांनी २००१ मध्ये या मताला धक्का दिला. पोपच्या एका छापील आज्ञापत्रातील अक्षरांची मोठ्या आकारातील छायाचित्रे तपासून, एकाच अक्षराच्या ठशांतील फरक एका मातृकेने समजावता येत नाहीत, असे त्यांनी दाखवले. वाळूसारखा, दर वेळी मोडणारा साचा वापरला असावा, असे त्यांनी सुचवले. शाईचा थर, ओलसर कागद, खिळ्यांची झीज किंवा एका अक्षराच्या अनेक मातृका यांनीही फरक पडू शकतो, असा आक्षेप घेतला जातो. मातृका वापरात असल्याचा भक्कम पुरावा फ्लॉरेन्सच्या रिपोली मठातील छापखान्याच्या १४७६–८४ च्या हिशेबांत मिळतो, तर हातसाच्याचे सविस्तर वर्णन थेट १६८३ चे, लंडनच्या जोसेफ मॉक्सनचे आहे. हे पाहता सगळी रीत एका माणसाने एकदम सिद्ध केली असे धरण्यापेक्षा ती दोन-तीन दशकांत घडत गेली, असे मानणे अधिक सावधपणाचे ठरते. याने गुटेनबर्गचे मोठेपण उणावत नाही. तेलाच्या शाईसह जुळवलेली त्याची पाने आजही थक्क करतात.

पूर्वेकडील तंत्र युरोपला पोहोचले होते काय, याचा प्रत्यक्ष पुरावा नाही.

भारतात पहिला छापखाना ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात उतरला. तो निघाला होता ॲबिसिनियासाठी, म्हणजे आजच्या इथिओपियासाठी. सेंट पॉल कॉलेजात त्याचे काम सुरू झाले. १५७८ मध्ये केरळातील कोल्लमला तमिळ खिळ्यांनी पुस्तक निघाले. गोव्याकडच्या लिपीतही पुस्तके छापावीत, ही तेथील इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांची इच्छा होती. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, इथे मात्र सहाशेच्या घरात साचे लागतील, ही अडचण त्यांनी १६०८ च्या पत्रात मांडली आहे. जोडाक्षरे आणि स्वरचिन्हे जमेस धरली, तर हा आकडा अतिशयोक्त म्हणता येणार नाही. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोलला रोमन लिपीतच छापावे लागले. मराठी पुस्तकासाठी देवनागरी खिळे त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी, बंगालातील श्रीरामपूरला छापलेल्या विल्यम केरी या मिशनऱ्याच्या मराठी व्याकरणात (१८०५) आढळतात.