रेडी रेकनरचा दर म्हणजे घराचा बाजारभाव नव्हे

तालुक्याच्या गावात घराचा सौदा निघाला की कोणीतरी म्हणतोच, “सरकारी भाव इतका आहे, याच्यावर एक रुपया देऊ नका.” हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली घरं हातची जातात. हा सरकारी भाव म्हणजे रेडी रेकनर, सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांचा तक्ता; तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. करारातली किंमत आणि रेकनरची किंमत, यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क लागतं. हेच त्याचं मुख्य काम.

भाव ठरतो गल्लीवर. कापसाच्या बाजारपेठेत यार्डाच्या रस्त्यावरची जागा व्यापाऱ्याला हवी असते, कारण तिथे ट्रक वळतो. तीच जागा नोकरदार नाकारतो: जिनिंगची रुई उडते, हंगामात रात्रभर गाड्यांची घरघर. त्याला शाळेजवळचा शांत लेआउट हवा असतो.

सगळ्यात मोठा फरक मात्र जागेच्या हक्कात असतो. विदर्भात जुन्या वस्तीतल्या बऱ्याच जागा नझूलच्या, म्हणजे सरकारने पट्ट्याने (मुदतीच्या भाडेकरारावर) दिलेल्या. पट्ट्याचं नूतनीकरण थकलेलं असेल तर बँक कर्जाला कचरते, गिऱ्हाईक घटतं, भाव उतरतो. आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या हक्काचा सरकारी उतारा, आधी मागा. दुसरं, काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. ताजा रंग दिसला तर तो कोपरा नीट न्याहाळा.

खरा भाव पाहायचा तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच गल्लीतल्या दस्तांची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, काढा. त्यात मोबदला (करारातली किंमत) आणि बाजारमूल्य (इथे अर्थ रेकनरची किंमत) वेगवेगळं लिहिलेलं असतं.